घडीचा रस्ता

सुतारांच्या व्यवसायबोलीवर प्रबंध लिहून मला विद्यावाचस्पती ही पदवी मिळाली, त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. त्या प्रबंधासाठी जमवलेल्या शब्दांची सव्वाचारशे कार्डे आजही पत्र्याच्या एका डब्यात माझ्यापाशी आहेत. प्रत्येक कार्डावर शब्द, त्याचा उच्चार, अर्थ, वापराचे एखादे वाक्य आणि सर्वांत खाली निवेदकाचे नाव अशी नोंद आहे. भाषाविज्ञानात ज्याच्या तोंडून भाषेची सामग्री मिळवायची त्याला निवेदक म्हणतात. माझ्या निम्म्याहून अधिक कार्डांवर निवेदक म्हणून एकच नाव आहे, ते माझ्या वडिलांचे. अण्णा गंगाखेडात सुतारकाम करीत. 'रंधा' या शब्दाचे कार्ड मी त्यांच्यासमोर बसून लिहिले होते. प्रत्यक्ष रंधा मात्र मी हातात धरला तो वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तोही एका सहा वर्षांच्या मुलाच्या खेळण्यातल्या मोटारींसाठी.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मुलीचा मुलगा पुण्याहून महिनाभरासाठी आला, तो मोटारींनी भरलेली एक पिशवी घेऊन. बोटभर लांबीच्या, धातूच्या, खऱ्या मोटारीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या या गाड्या आता तालुक्याच्या गावातही मिळतात. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९६८ साली हॉट व्हील्स या नावाने अशा गाड्या बाजारात आणल्या, तेव्हा त्यांच्यासाठी नारिंगी रंगाच्या प्लास्टिकच्या लवचीक पट्ट्याही काढल्या. पट्टीचे एक टोक खुर्चीला टेकवायचे आणि वरून गाडी सोडायची, असा तो खेळ. नातवाकडे तशीच एक साधी, बिननावाची पट्टी होती. मे महिन्यात ती आमच्या गच्चीवर विसरली गेली आणि संध्याकाळी पापडासारखी वाकडी होऊन हाती आली. रडारड झाली. "आपण लाकडाचा ट्रॅक करू," असे मी बोलून गेले. त्याने रडणे थांबवून लगेच दोन अटी घातल्या. ट्रॅक दोन गाड्यांचा हवा, कारण एका गाडीची शर्यत होत नाही. शिवाय त्याची घडी होऊन तो रेल्वेत बाकाखाली मावला पाहिजे, कारण तो पुण्याला न्यायचा आहे. अट आणि शर्यत यांचे नाते त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अरबीतला 'शर्त' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला; त्याचा अर्थ अट, करार. पैजेची अट ठरवून धावायचे, म्हणून ती शर्यत.

घरी केलेल्या खेळण्याबद्दल मला थोडी धास्ती होती. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाचे नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडले आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे त्यातला रोहसेन आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेल्या त्या पोराला दासीने मातीची गाडी करून दिली, तर ती त्याला नको होती. मुले बदललेली नाहीत. गाड्याही फारशा बदललेल्या नाहीत म्हणा. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यात बैलजोडी जुंपलेला, वर माणूस उभा असलेला एक रथ आहे आणि हत्ती, गेंडा, रेडा या प्राण्यांच्या पायांखालीही चाकांची सोय आहे. प्रवरा गोदावरीला मिळते आणि तीच गोदावरी गंगाखेडच्या घाटाला लागून वाहते, एवढ्या आधारावर मी तो रथ आमच्याच घराण्यातला मानते. अर्थात हा पुरावा कोणत्याही परीक्षेत ग्राह्य धरला जाणार नाही.

आमच्या घराण्याचा गाड्यांशी संबंध मात्र खराच होता. अण्णांनी उमेदीची वीस वर्षे बैलगाड्यांची चाके केली. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर चढवलेले पुठ्ठे आणि त्यांना आवळणारी लोखंडी धाव. लोहाराने धाव तापवून लाल केली की ती चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे सांधे एका क्षणात घट्ट होतात. धावण्याची धाव आणि चाकाची धाव हे दोन्ही अर्थ ज्यावर शेजारीशेजारी लिहिले आहेत, ते माझ्या डब्यातले सर्वांत मळलेले कार्ड आहे. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, मागोमाग ट्रॅक्टर आले, आणि अण्णा दारे-खिडक्यांकडे वळले. मुलीच्या हातात हत्यार देण्याची रीत नव्हती. ते थोरल्या भावाच्या हातात दिले गेले आणि त्याने ते ठेवून दिले. मला शब्द मिळाले. त्याबद्दल मी तक्रार करावी असे नाही, कारण त्या शब्दांवरच माझी नोकरी उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हाताची पकड गेली आणि बोलणे गेले. याला वाचाघात म्हणतात. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ साली पॅरिसमध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले. तो रुग्ण 'तँ' एवढेच उच्चारू शके. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या अर्धातील पुढच्या भागात इजा आढळली. हा धडा मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आले आहे. घरात तो कामास आला नाही. अण्णांना बोललेले बहुतेक सगळे समजते, पण शब्द ओठांपर्यंत पोचत नाही. 'माय' हा एकच शब्द शिल्लक राहिला. मराठवाड्यात लेकीला लाडाने 'माय' म्हणतात. ते मला तसेच म्हणत. आता पाणी हवे असले तरी 'माय', ऊन लागले तरी 'माय'.

झटक्यानंतर चारेक महिन्यांनी मी एक चूक केली. शब्द परत येण्यासाठी सराव करावा लागतो हे मला माहीत होते, म्हणून एके दुपारी कार्डांचा डबा आणि त्यांची हत्यारांची पेटी घेऊन मी त्यांच्यापुढे बसले. पटाशी उचलून विचारले, "अण्णा, हे काय?" ते ओठ हलवत राहिले. करवत उचलली, "आणि हे?" तिसऱ्या हत्याराला त्यांनी डाव्या हाताने पुढे झुकून पेटीचे झाकण लावले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. ज्या माणसाने मला सव्वादोनशे शब्द उदार हाताने दिले, त्याची मी तोंडी परीक्षा घेत होते. त्यानंतर ती पेटी आमच्या घरात उघडली गेली नव्हती.

रस्त्याच्या कामाला (नातू त्याला ट्रॅक म्हणे, मी रस्ता) मी सुरुवात केली ती पेटीला हात न लावता. माळ्यावर आंब्याची एक जुनी फळी होती. ती घासूनपुसून उन्हात ठेवली. दोन दिवसांत ती रुंदीच्या बाजूने पन्हळीसारखी वाकली आणि दोन्ही गाड्या मधोमध येऊन एकमेकींवर आपटू लागल्या. अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संमंत्रणाला येणारा एक विद्यार्थी फर्निचरची कामे करतो. त्याला मी हे सांगितले. तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. त्याने समजावून सांगितले की अखंड फळी हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि ते फुगणे-आकसणे रेषांना आडवे होते. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एक थर वाकू पाहील तर दुसरा त्याला धरून ठेवतो. त्याने आपल्या यंत्रावर बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायची आठ फूट लांब, नऊ इंच रुंद पट्टी कापून दिली आणि तिचे चार-चार फुटांचे दोन तुकडे केले. कठड्यांसाठी आणि मधल्या दुभाजकासाठी त्याच्याकडे सागवानाच्या पट्ट्या नव्हत्या. आमच्या जुन्या खिडकीची मोडकी चौकट होती. ती त्याने चिरून दिली, पण म्हणाला, "मॅडम, याला रंधा मात्र हातानंच मारा. जुन्या लाकडात खिळे असतात, मशिनचं पातं जाईल."

अशा रीतीने पेटी उघडावी लागली. अण्णा ओसरीवर खाटेवर बसून पाहत होते. मी रंधा दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. लाकूड सोलले जाण्याऐवजी उपटले गेले; पट्टीवर कुत्र्याने चावल्यासारखे खड्डे पडले. अण्णा काठी टेकत उठले. त्यांनी डाव्या हाताने माझा तळवा धरून लाकडावरून आधी एका दिशेने फिरवला, मग उलट दिशेने. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवावा आणि मग मानेकडे, इतका स्पष्ट फरक होता. लाकडाच्या रेषांचा कल कुठे आहे, ते डोळ्यांना दिसत नसले तरी तळव्याला कळते. त्यांनी पट्टी उलटी फिरवून ठेवली, रंध्याचे पाते हातोडीच्या एका टिचकीने मागे घेतले आणि मान हलवली. या वेळी सालपट निघाले, लांब, कागदासारखे, कुरळे. माझ्या कार्डावर 'रंधा मारणे' याचा अर्थ 'लाकडाचा पृष्ठभाग गुळगुळीत करणे' असा आहे. त्यात चुकीचे काही नाही.

खरी कसोटी घडीची होती. कठडे बसवण्याआधीच मी हौसेने दोन फळ्या टोकाला टोक लावून वरच्या अंगाने बिजागऱ्या ठोकल्या होत्या. पुस्तक मिटावे तशी घडी होत होती. मग चार बोटे उंचीचे कठडे लावले तर गाड्या दिसत नाहीत म्हणून ते इंचभर उंचीचे केले, सरस लावून पक्के केले, आणि घडी करायला गेले तर रस्ता तसूभरही उचलेना. फळ्यांच्या पातळीवर बिजागरी, आणि तिच्या वर एकमेकांना टेकलेली कठड्यांची टोके. ती एकमेकांना ढकलत होती. पाऊण तास मी त्या लाकडाशी भांडले. अण्णांनी ते सर्व शांतपणे पाहू दिले, याचा मला त्या वेळी राग आला होता. शेवटी त्यांनी आपला डावा आणि माझा उजवा हात शेजारी धरून ओंजळ केली, आणि ती मिटून दोन्ही तळवे एकमेकांवर आणले. मग सुट्या बिजागरीची एक जोडी उचलून ती कठड्याच्या माथ्यावर ठेवली. ज्या पातळीवर दोन अंगे मिटताना एकमेकांना भेटणार, त्याच पातळीवर बिजागरीचा कणा हवा. खाली असेल तर वरचे आडवे येणार. शिवाय कठड्याच्या माथ्यावर बसवलेली बिजागरी गाडीच्या वाटेत येत नाही, हा आणखी लाभ. इतकी सोपी गोष्ट होती. कठड्याची जाडी कमी, स्क्रू पिळताना लाकूड तडकण्याचे भय. तेव्हा आधी गिरमिटाने बारीक भोके पाडली. अण्णांनी मोरीकडे बोट दाखवले. मला वाटले, त्यांना हात धुवायचे आहेत. त्यांना साबण हवा होता. स्क्रूला साबण चोळला की तो लाकडात अलगद उतरतो.

आता रस्ता पेटीसारखा मिटू लागला आणि आतल्या पोकळीत नातवाच्या आठ गाड्या मावू लागल्या. उघडल्यावर मात्र मधला सांधा खाली झोल खाई, कारण वरच्या बिजागरीला खालून रोखणारे काहीच नव्हते. मी पाय लावण्याचा विचार करीत होते. अण्णा काठी घेऊन घराच्या मागल्या, माळवदाच्या भागाकडे निघाले. तिथले जुने दार अजून शाबूत आहे. त्यांनी दाराआडच्या भिंतीतल्या भोकातून लाकडी दांडा अर्धा ओढून काढला, त्याच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माय."

अडसर. दार आतून बंद करण्यासाठी एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत सरकवायचा दांडा. आम्ही रस्त्याच्या पोटाला सांध्याच्या दोन्ही बाजूंस लाकडी कड्या बसवल्या आणि त्यांतून सागाची दीड फूट लांबीची पट्टी सरकवली. पट्टी सांध्यावर आणली की रस्ता ताठ, मागे ओढली की घडी मोकळी. विद्यार्थ्याला हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, "अडसर म्हणजे अडथळा ना मॅडम? पेपरात 'युतीच्या मार्गात अडसर' असं येतं." त्याने दार बंद करणारा अडसर पाहिलेलाच नव्हता, त्याच्या पिढीला टॉवर बोल्ट मिळाला. वस्तू गेली तरी शब्द राहतो, आणि राहताना तो घराच्या आतून बाहेरच्या बाजूला जातो. ज्याने घर सुरक्षित केले तोच वाट अडवणारा ठरला. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण मी आता वर्गात घेते.

तरीही गाड्या सांध्यावर ठेचकाळत. करंगळीच्या नखाएवढे चाक. त्याला कागदाच्या जाडीची पायरीसुद्धा भिंत वाटत असावी. माझे बोट फिरवले तर काही लागत नव्हते. अण्णांनी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि खालच्या फळीच्या कडेवर थांबले. ती केसभर वर होती. पॉलिशपेपरने ती कड किंचित उतरती केली, वरच्या फळीपेक्षा जराशी खाली. दोन्ही अगदी समपातळीत आणण्याचा माझा आग्रह त्यांनी मानला नाही. त्यांचे बरोबर होते. चाक उतरताना अडत नाही, चढताना अडते. सांधा कधीच निर्दोष राहणार नाही, उन्हाळ्या-पावसाळ्यात तो हलणारच. तेव्हा दोष कोणत्या बाजूला राहू द्यायचा, एवढेच ठरवायचे असते.

लाकडी उतारावर वस्तू सोडून पाहणारे आम्ही पहिले नव्हतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशाच एका उताराचे वर्णन केले आहे. सुमारे बारा हात लांब, अर्धा हात रुंद, तीन बोटे जाड लाकूड. त्याच्या कडेत सरळ खोबणी, ती घोटून गुळगुळीत केलेली आणि आत चर्मपत्र चिकटवलेले. त्यावरून काशाचा गोळा सोडून, भांड्यातून गळणारे पाणी तोलून तो वेळ मोजी. दुप्पट वेळात चौपट अंतर, हा नियम त्याला त्या लाकडावर मिळाला. हात आणि बोटे ही त्याची मापे अण्णांच्या पिढीला अनुवादाशिवाय कळली असती. खेळ म्हणून याच उताराची एक चाल अमेरिकेत रूढ आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाच्या स्काउट-मार्गदर्शकाने, आपला मुलगा मोठ्या मुलांच्या गाड्यांच्या शर्यतीत बसण्याइतका वाढलेला नव्हता म्हणून, पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेल्या छोट्या गाड्यांची शर्यत सुरू केली. मुलांनी त्या वडीलधाऱ्यांच्या मदतीने कराव्यात अशी अपेक्षा असते. कोण कोणाला मदत करते, हे आमच्या ओसरीवरूनही सांगणे कठीण होते.

आम्ही वरचे टोक दोन फुटांवर ठेवले तर गाड्या उडून गोधडीपलीकडे गेल्या. सोळा इंचांवर त्या शहाण्यासारख्या धावू लागल्या. पण डाव्या वाटेवरची गाडी दर वेळी हरे. गाड्यांची अदलाबदल केली तरी डावी वाटच हरे. म्हणजे दोष गाडीचा नव्हता. कारण सापडले ते जमिनीत. जुन्या घरांची फरशी पाणी वाहून जावे म्हणून मोरीकडे उतरती असते, त्यामुळे रस्ता आडवा कलून डावी गाडी कठड्याला घासत होती. खाली एक पाचर दिली. अंतर कमी झाले, मिटले नाही.

पहिली खरी शर्यत जेवणानंतर झाली. लाल गाडी नातवाची, निळी पणजोबांची, आणि निळी गाडी अर्थातच डाव्या वाटेवर. अण्णा स्टुलावर बसले होते, डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाडी धरून. नातवाने मोजायला सुरुवात केली, "एक... दोन..." आणि उत्कंठा वाढवण्यासाठी मुले थांबतात तसा तो थांबला. "साडेमाडे तीन!" अण्णा म्हणाले, आणि गाडी सोडली.

स्वच्छ, पूर्ण, सुरात. नातू संतापला, कारण त्याची गाडी हातातच राहिली होती. "पणजोबांनी फसवलं!" त्याला त्यात दुसरे काही विशेष वाटले नाही.

मला याचे शास्त्र माहीत आहे. वाचाघातात जाणीवपूर्वक जुळवायचे बोलणे जाते, पण अंकांची ओळ, प्रार्थना, भजन, लहानपणीची तोंडपाठ चरणे कित्येकदा शिल्लक राहतात. मागचा शब्द पुढच्याला ओढून आणतो. 'साडेमाडे'मधल्या 'माडे'ला तर अर्थही नाही, तो केवळ नादासाठी जोडलेला प्रतिध्वनी. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना पाणी हवे होते, तेव्हा ते "माय"च म्हणाले. त्या संध्याकाळी शर्यत पुन्हा झाली आणि नातू "दोन"वर मुद्दाम थांबला. मग तो रोजच थांबू लागला. महिनाभर आमच्या ओसरीवर दिवसाकाठी वीस-पंचवीस वेळा साडेमाडे तीन झाले. मी ध्वनिमुद्रण केले नाही. कार्डही लिहिले नाही.

सुट्टी संपली तेव्हा नातवाने रस्ता पुण्याला नेला नाही. बाकाखाली तो मावला असता, मी फूटपट्टीने मोजून घेतले होते. "पणजोबा कुणाशी खेळतील?" असे विचारून त्याने फक्त गाड्या नेल्या, आणि निळी तेवढी इथे ठेवली. पावसाळ्यात अडसर फुगून कड्यांत अडकला. मी तो काढून थोडा घासला, या वेळी रेषा आधी तळव्याने पाहून. रविवारी संध्याकाळी फोन येतो. डाव्या वाटेचे काय झाले, एवढीच त्याची चौकशी असते. अण्णा रोज दुपारी रस्ता उघडतात, मेणबत्तीचा तुकडा घेऊन डाव्या वाटेवर लांबच लांब चोळतात आणि अंगठ्याने पाहतात. अजून ती हरतेच.